घरची ओढ, परदेशातली थंडी आणि आनंदीबाईंची प्रकृती

हिंगोलीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात, कपाटातली घोंगडी बाहेर निघतात आणि घरातली मोठी माणसे मुलांच्या मागे स्वेटर घेऊन फिरतात. ही थंडी दोन-तीन तासांची असते. नऊ वाजले की ऊन तापू लागते. ज्या शहरात हिवाळ्यात पारा अनेक रात्री शून्याच्या खाली जातो, तिथे महाराष्ट्रातली अठरा वर्षांची मुलगी सुती-रेशमी लुगड्यात आणि धुराने भरणाऱ्या खोलीत कशी राहिली असेल? आपल्या पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची गोष्ट बहुतेकांना पदवीपर्यंत माहीत असते. त्या पदवीसाठी परदेशात काढलेल्या साडेतीन वर्षांत त्यांच्या शरीराने आणि मनाने काय सोसले, ते आजही घर सोडून शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने आणि त्यांच्या आई-वडिलांनी समजून घेण्यासारखे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयाने बरेच मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी ते तिला कठोरपणे वागवत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बायकांनी मोकळेपणाने ज्याच्याकडे जावे असा डॉक्टर त्या काळी नव्हता. आपणच डॉक्टर व्हायचे, हा विचार त्यांच्या मनात या दुःखातून रुजला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरत राहिला. बायकोच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का, असे गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना एका मिशनऱ्याला पत्राने विचारले होते. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले आणि ओळखदेख नसलेल्या या मुलीला पत्र लिहिले. पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

इथे एक गोष्ट नजरेआड होते. परदेशी जाण्यापूर्वीच आनंदीबाईंची प्रकृती ठीक नव्हती. कलकत्त्यात असताना त्यांना वारंवार ताप येई, डोके दुखे, अशक्तपणा असे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. आज अशा तक्रारी घेऊन कोणी परदेशी निघाले, तर आधी रक्त तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात. त्या वेळी यातले काहीच नव्हते. एक्स-रेचा शोध लागला तो पुढे १८९५ मध्ये.

श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी भरसभेत आपल्या जाण्याची कारणे सांगितली. हे श्रीरामपूर बंगालमधले. त्यानंतर ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत नवरा नव्हता, नातेवाईक नव्हते. ओळखीतून मिळालेली परक्या बायकांची सोबत होती. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे प्रवास ५८ दिवसांचा झाला. बंदरावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

पहिला उन्हाळा रोझेलला बरा गेला. कार्पेंटरबाईंच्या घरात मुले होती, अंगण होते, हक्काने बोलायला माणूस होते. आनंदीबाई शाकाहारी होत्या. मांसाहार करायचा नाही आणि देशी पोशाख सोडायचा नाही, हे त्यांनी ठरवले होते आणि शेवटपर्यंत पाळले. कार्पेंटरबाईंच्या मैत्रिणींना बोलावून त्यांनी आपल्याकडचे पदार्थ रांधले, त्या अमेरिकन बायकांना लुगडी नेसवली. परगावी मन रमवण्याची ही पद्धत आजही तीच आहे. पुण्यात किंवा बर्लिनमध्ये खोली करून राहणारी चार मुले रविवारी एकत्र येऊन वरण-भात लावतात, तेव्हा त्या एका जेवणात अर्धे घर परत मिळते.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियात शिक्षण सुरू झाले आणि खरी परीक्षा तिथून पुढे होती. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली. पण खोली थंड होती आणि तिथली शेगडी धूर ओकायची. शेगडी पेटवावी तर खोलीत धूर कोंडे, न पेटवावी तर थंडीने हात गारठत. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, रुग्णालयाचे काम. परतल्यावर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, कारण बाहेर शाकाहारी जेवण मिळण्याची सोय नव्हती. अभ्यास जास्त असेल त्या दिवशी जेवणाला कात्री लागणार, हे उघड आहे.

पोशाखाचा प्रश्न वेगळाच होता. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते. कोकणच्या हवेत ते सोयीचे, बर्फात मात्र धोक्याचे. खूप विचार करून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, सोबत लांब बाह्यांचे पोलके. देशी पोशाखही राहिला आणि अंगही झाकले गेले. पण गोपाळरावांची पत्रे नेहमी धीर देणारी नसत. त्यांत संशय असे, टोमणे असत. पोशाखावरून आणि फोटोवरून बोल लावलेले असत. पत्र जायला-यायला कित्येक आठवडे लागत. आज मनात आलेल्या शंकेचे उत्तर मिळेपर्यंत ऋतू बदलून जाई. आनंदीबाई समजुतीने उत्तरे लिहीत राहिल्या.

घरच्या ओढीकडे वैद्यकशास्त्राने कसे पाहिले, तेही इथे सांगायला हवे. बासेलच्या योहानेस होफर या तरुण डॉक्टरने १६८८ मध्ये या अवस्थेला नॉस्टॅल्जिया असे नाव दिले. परमुलखात राहणारी स्विस माणसे झोप, भूक हरवून खंगत जातात, हे त्याने नोंदवले होते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे हा खराखुरा आजार मानला जाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लष्करी डॉक्टरांनी सैनिकांच्या आजारांत नॉस्टॅल्जियाची नोंद केली आणि काहींच्या मृत्यूचे कारणही तेच लिहिले. यातल्या बऱ्याच जणांना टायफॉईड, जुलाब किंवा क्षय झालेला असणार, असे आज वाटते. जंतूंची ओळखच नसल्याने वजन घटले, अन्न नकोसे झाले, की घरची आठवण हे कारण पुढे येई.

आज घरची ओढ हा आजार मानत नाहीत. नव्या जागी गेल्यावर पहिले काही आठवडे झोप कमी होणे, जेवण न जाणे, डोळ्यांत पाणी येणे, अभ्यासात लक्ष न लागणे हे स्वाभाविक आहे. दिनक्रम बसला, दोन माणसे ओळखीची झाली, की बहुतेकांची ही अवस्था हळूहळू ओसरते. ओसरली नाही, उलट वाढत गेली, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आणि ताप, खोकला, वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर ती घरच्या आठवणीच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. त्या लक्षणांचे कारण शरीरात शोधावे लागते.

आनंदीबाईंच्या शरीरात तसे कारण होते. फिलाडेल्फियात त्यांना घटसर्प झाला. त्यावरचे प्रतिविष तेव्हा यायचे होते, ते १८९० च्या दशकात आले. त्यातून त्या उठल्या, पण प्रकृती पहिल्यासारखी झाली नाही. पुढे क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला होता, आनंदीबाई अमेरिकेत उतरण्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. आजार कशाने होतो ते कळले होते, पण त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. तोवर रुग्णाला सांगण्यासारखे तीनच उपाय होते : चांगले अन्न, मोकळी हवा आणि विश्रांती. परक्या देशातल्या या विद्यार्थिनीकडे नेमके हेच तीन कमी होते.

हा आजार तिथे जडला की इथूनच सोबत गेला, हे आज ठरवता येणार नाही. क्षयाचा जंतू शरीरात वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. तो शिरलेल्या दहा जणांपैकी सुमारे एकालाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. प्रतिकारशक्ती घटली की तो डोके वर काढतो. अपुरे पोषण हे त्याचे मोठे कारण आहे. कोंदट खोलीतला धूर फुप्फुसांना कमकुवत करतो. फिलाडेल्फिया चाळीस अक्षांशावर आहे. तिथल्या हिवाळ्यातल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण फार कमी असतात. सावळी त्वचा आणि पूर्ण झाकलेले अंग असेल तर ते आणखी कमी मिळतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि क्षय यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, मात्र तेच एकमेव कारण म्हणता येत नाही. यातली एकेक गोष्ट कदाचित निभावली असती. त्या सगळ्या एकाच शरीरावर तीन हिवाळे लागोपाठ आल्या.

तरीही त्या एकट्या पडून राहिल्या नाहीत. १० ऑक्टोबर १८८५ चा कॉलेजमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी वेषातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली शेजारी बसल्या आहेत. तिघीही घरापासून हजारो मैलांवर, तिघीही डॉक्टर होण्याच्या वाटेवर. आपल्यासारखेच दुसरे कोणी परके सोबत असणे हा परगावी मोठा आधार असतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या दुःखातून त्या या वाटेला लागल्या, त्याच्याशीच तो जोडलेला होता. समारंभाला गोपाळराव होते. पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. ऑक्टोबरमध्ये त्या न्यूयॉर्कहून परतीच्या बोटीत बसल्या आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या, तेव्हा आजार बराच पुढे गेला होता. घर मिळाले, आपली माणसे मिळाली, आपले अन्न मिळाले. पण फुप्फुसांची झीज त्याने भरून येणारी नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. परदेशात जिने घर दिले, त्या मावशीच्या माणसांत आनंदीबाईंचे स्मारक आहे.

आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन यांपैकी काहीही असेल तर बेडका तपासून घ्यावा. ही तपासणी मोफत होते. साध्या क्षयावर सहा महिन्यांचे औषध मोफत मिळते आणि ते पूर्ण घेतले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. आहाराचे महत्त्व आता मोजूनही झाले आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या घरांना पुरेसा शिधा दिला तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची मुले लातूरला, पुण्याला, काही तर थेट परदेशी शिकायला जातात. पाठवताना पैशांची आणि कागदपत्रांची तयारी नीट होते. तिच्यासोबत आणखी थोडी तयारी करावी. जाण्याआधी प्रकृती तपासून घ्यावी, जुना ताप-खोकला अंगावर काढून पाठवू नये. खोलीला खिडकी आहे का आणि जेवणाची सोय काय, हे भाड्याइतकेच बारकाईने विचारावे. थंड देशात जाणाऱ्याने ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो.

आणि फोनवर मुलाला गुणांच्या आधी जेवणाचे विचारावे. घरच्यांना काळजी नको म्हणून मुले दुखणे लपवतात. घरून बोलणी बसतील अशी भीती असेल तर जास्तच लपवतात. आज उत्तर यायला कित्येक आठवडे लागत नाहीत. मुलाने बरे नाही म्हणून सांगितले, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी त्याला जवळच्या डॉक्टरकडे जायला सांगावे.