जूलसाहेबांचा थर्मामीटर

आय-स्क्वेअर-आर-टी हे सूत्र आपण बारावीपासून घोकतो. व्हायव्हात विचारलं की धाडकन सांगून मोकळे! पण ते शोधणारे जेम्स प्रेस्कॉट जूल ना प्राध्यापक होते, ना डिग्रीवाले इंजिनिअर.

२४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधल्या सॅल्फर्डला, बीअरचा कारखाना असलेल्या घरात ते जन्मले. तब्येत नाजूक, म्हणून शिक्षण घरीच. पुढे अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन शिकवायला लाभले, हे नशीब. तरुणपणी जूलसाहेबांना विजेच्या मोटरचं वेड लागलं. वाफेच्या इंजिनाची जागा ती घेईल, अशी आशा होती. पण हिशेब केला, तर बॅटरीतल्या जस्तापेक्षा कोळसाच स्वस्त पडला.

त्याच खटपटीत त्यांनी काचेच्या नळीवर तार गुंडाळली, पाण्यात बुडवली, करंट सोडला आणि थर्मामीटरकडे बघत बसले. १८४० मध्ये उत्तर मिळालं : रेझिस्टन्स दुप्पट तर उष्णता दुप्पट, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. रॉयल सोसायटीने त्या निबंधाचा नुसता सारांश छापला. साहेब खचले नाहीत. पुढे पाणी घुसळून उष्णता मोजली. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्यांचं मोल ओळखलं. १८५४ मध्ये पत्नी वारली, तरी काम थांबलं नाही. १८७० मध्ये त्याच सोसायटीने कॉप्ली पदक दिलं. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी ते गेले. कबरीच्या दगडावर त्यांनी मोजलेला आकडा कोरलाय : ७७२.५५.

आता म्हणाल, याचं आपल्याला काय? मी देऊळगाव राजाचा. बालाजीच्या आमच्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गल्लीतल्या एका काकांनी इलेक्ट्रिक कार घेतली आणि चार्जर घरातल्या जुन्या, ढिल्या सॉकेटला लावला. थोड्याच दिवसांत सॉकेट तपकिरी पडून वितळायला लागलं. एमसीबी मात्र गप्प!

गणित बघा. करंट १५ अँपिअर, ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स समजा फक्त ०.१ ओहम. उष्णता २२.५ वॉट. म्हणजे लॅबमधली २५ वॉटची सोल्डरिंग आयर्नच जणू, प्लॅस्टिकच्या डबीत तासन्‌तास चालू. एमसीबी करंट बघते. तो तर मर्यादेतच होता. वाढला होता रेझिस्टन्स, तोही एका टोकाला.

म्हणून फास्ट चार्जरच्या कनेक्टरमध्ये पिनांजवळच तापमानाचा सेन्सर बसवतात. उदाहरणार्थ पीटी-१००० : शून्य अंशाला १००० ओहम, शंभर अंशाला सुमारे १३८५. पिन तापली की चार्जर करंट कमी करतो, तरी ऐकली नाही तर बंदच. करंट निम्मा केला की उष्णता पाव होते. सूत्र साहेबांचंच, आणि जोडाशी ठेवलेला थर्मामीटरही त्यांचाच म्हणायचा!

घरच्या साध्या सॉकेटला असला सेन्सर बहुधा नसतो. तेव्हा सुटीत घरी गेलात की चार्जिंग थांबवा, मेन स्विच बंद करा आणि प्लगवर हात ठेवून बघा. चटका बसला किंवा पिन ढिली वाटली, तर वायरमनला बोलवा. सूत्र परीक्षेपुरतं नसतं, घरासाठीही असतं.