तंट्या मामा : सातपुड्यातला तीरकामठा आणि एका शेतकऱ्याचं बंड

जळगाव जामोद : दरवर्षी 4 डिसेंबर आला की आपल्या तालुक्यातल्या आदिवासी पोरांच्या स्टेटसला एकच चित्र दिसतं. डोक्याला फेटा, पिळदार शरीर, हातात ताणलेला तीरकामठा. खाली नाव, जननायक तंट्या मामा भिल. चित्र सगळ्यांनी पाहिलंय, पण त्या माणसाची गोष्ट सुरू झाली ती शेताच्या बांधावरून, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जळगाव जामोदचा डोंगर चढून पलीकडे उतरलं की बऱ्हाणपूर आणि त्यापुढं खंडवा. हा सगळा पूर्व निमाड. याच भागातल्या बडदा गावात 1840 च्या सुमारास तंट्याचा जन्म झाला. बापाचं नाव भाऊसिंग. घर भिल्लाचं, जमीन थोडी, जंगल जवळ. त्या काळी अशा घरातलं पोरगं पाटीच्या आधी कामठा हातात घ्यायचं. तंट्याचंही तसंच झालं. तीर, गोफण आणि फाल्या, म्हणजे लांब दांड्याला बसवलेलं पातं, ही तिन्ही हत्यारं त्याला चांगली जमायची असं निमाडात सांगतात.

आता हा कामठा म्हणजे काय, ते जरा बघू. चित्रकार काढतात तसा तो वळणदार, राजाच्या हातातला धनुष्य नव्हे. भिल्लाचा कामठा साधा, बांबूचा, उभा धरला तर माणसाच्या छातीपर्यंत येणारा. भरीव, पक्का बांबू तोडायचा, सावलीत वाळवायचा, चिरायचा आणि विळ्यानं बेतानं तासायचा. दोन्ही टोकं बारीक, मधला भाग जाड. तासताना दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. एक बाजू जास्त वाकली तर तीर सरळ जात नाही आणि कामठा तिथंच मोडतो. खरी गंमत दोरीची. ती सुताची नसते, बांबूच्याच लांब चिपेची असते. ओल्या पावसातही सुतासारखी ढिली पडत नाही. तीराला हलकी सरळ काडी, मागं पिसं, पुढं गावच्या लोहारानं ठोकलेलं लोखंडी टोक. पैसा लागायचा तो फक्त या टोकाला. बाकी सगळं जंगलातून.

बाप गेल्यावर तंट्या पोखर गावी गेला. तिथं बापानं एका पाटलाबरोबर भागीत जमीन घेतलेली होती. पाटलानं हिस्सा द्यायला साफ नकार दिला. तंट्या कोर्टात गेला. वकिलाला पैसे दिले, हेलपाटे मारले आणि केस हरला. लिहिता न येणाऱ्या माणसाचा हक्क कागदावर नव्हताच. जमीन गेली, पैसाही गेला. मग मारामारी झाली आणि तुरुंगवास नशिबी आला. सुटून आल्यावर मजुरी करून राहायचा त्यानं प्रयत्न केला, पण पोलिसांच्या वहीत नाव एकदा चढलं होतं. आसपास कुठं चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर. आपल्याकडंही जुनी माणसं असे किस्से सांगतात, त्यामुळं हे समजायला फार अवघड नाही.

1878 साली त्याला पुन्हा धरलं आणि खंडव्याच्या तुरुंगात टाकलं. तिथून तो साथीदारांसह भिंत ओलांडून पळाला, तो पुढची 11 वर्षं सरकारच्या हाती लागला नाही.

याच 1878 सालात इंग्रज सरकारनं हत्यारांचा कायदा केला. त्यात हत्यार कशाला म्हणायचं याची यादी दिली होती. बंदूक, संगीन, तलवार, भाला आणि त्याच रांगेत धनुष्यबाणही. म्हणजे ज्या वस्तूवर भिल्लाचं पोट आणि शेताची राखण चालायची, ती कायद्याच्या पुस्तकात तोफ-बंदुकीच्या शेजारी जाऊन बसली. त्याआधी 1825 मध्ये खानदेशात आउटरॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली होती. साहेबाच्या चाकरीतला भिल्ल चालायचा, स्वतःच्या डोंगरात कामठा घेऊन फिरणारा भिल्ल मात्र डोळ्यात सलायचा.

तंट्यानं सावकार, मालगुजार आणि पोलिसांचे खबरे यांना लक्ष्य केलं. लूट गरिबांत वाटायची, अडलेल्या घरी धान्य पोचवायचं, पोरीच्या लग्नाला मदत करायची, अशी त्याची ख्याती झाली. त्यावरूनच लोक त्याला मामा म्हणू लागले. निमाड, बेतूल, होळकरांचं राज्य, खानदेश आणि आपल्या वऱ्हाडची कड, एवढा मुलूख तो पायी तुडवायचा. एका हद्दीत पोलीस मागं लागले की डोंगर ओलांडून दुसऱ्या हद्दीत. त्याला पकडायला खास पोलीस दल उभारावं लागलं.

तो देव नव्हता. त्याच्या टोळीनं घरं जाळली, माणसं मारली, खबऱ्यांना क्रूर शिक्षा दिल्या. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर आहे, लोकांच्या गाण्यात मामा आहे. माझ्या मते दोन्ही खरं आहे. आणि सगळं त्यानं तीरकामठ्यावरच केलं असंही नाही, टोळीजवळ बंदुका होत्या. पण लोकांनी चित्रात त्याच्या हाती कामठाच दिला, कारण तो त्यांच्या स्वतःच्या घरात होता.

शेवट घरातूनच आला. बनेर गावातल्या एका बाईला तो बहीण मानायचा. तिचा नवरा गणपत. त्याच्यामार्फत माफी मिळवून देतो असं सांगून तंट्याला बोलावलं गेलं. 1889 चा ऑगस्ट, राखी पौर्णिमेचा दिवस. तंट्या भरवशानं आला आणि होळकरांच्या फौजेतल्या ईश्वरीप्रसाद या अधिकाऱ्याच्या माणसांनी त्याला पकडला. जबलपूरच्या सेशन कोर्टानं 19 ऑक्टोबरला फाशी सुनावली. 10 नोव्हेंबरला थेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापून त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं. रॉबिन हूड हाही गोष्टीतला तिरंदाजच. 4 डिसेंबर 1889 ला फाशी झाली. इंदूर-खंडवा मार्गावरच्या पातालपाणी स्टेशनजवळ त्याचा देह टाकला असं सांगतात. तिथं समाधी आहे, लोक लाकडी पुतळे वाहतात. मीटरगेजच्या जमान्यात गाडीचा ड्रायव्हरही मामासाठी तिथं क्षणभर थांबायचा.

आता आपल्या डोंगरातल्या घरांकडं येऊ. भिंगारा, चाळीसटापरीकडं, संग्रामपूरच्या वरच्या वाड्यांत भिलाला, बारेला, कोरकू, निहाल घरं आहेत. अजूनही कुठंकुठं आजोबाचा कामठा आढ्याला लटकलेला दिसतो. पोरांना तो स्टेटसपुरता आठवतो. 4 डिसेंबरला काढायचा, फोटोसाठी ताणायचा, पुन्हा टांगायचा. माझ्या ओळखीच्या एका घरात गेल्या वर्षी असंच झालं. पोरानं तीर न लावताच जुना कामठा पूर्ण ओढला आणि सोडला. कामठा मधोमध फुटला, चिरफळी भुवईवर बसली. डोळा वाचला, तीन पिढ्यांचा कामठा गेला.

तीर न लावता कामठा कधीच सोडू नये. तीर जो जोर घेऊन जातो तो सगळा मग लाकडावर येतो. दहा-वीस वर्षं न वापरलेला कामठा तर आधी नीट तपासायचा. बोट फिरवून चिरा बघायच्या, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर समजायचं की किडीनं पोखरलाय. असा कामठा भिंतीवर शोभेला ठेवा, ओढू नका. चांगला असला तरी दोरी नवी चढवा आणि पहिल्यांदा थोडं थोडं वाकवून बघा, एकदम कानापर्यंत नको. दोन्ही बाजू सारख्या वाकत नसतील तर तिथंच थांबा.

ठेवायची पद्धतही चुकते. चुलीवरच्या आढ्याला धुरानं कीड लागत नाही हे खरं, पण रोजच्या आचेनं बांबू कोरडा होऊन तडकतो. त्यापेक्षा सावलीतल्या भिंतीला दोन खुंट्या ठोका आणि त्यावर आडवा ठेवा, दोरी उतरवून. वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचा हात फिरवा. बांबूची वरची चकचकीत साल घासू नका, ताण तीच सोसते. वार्निश तर लावूच नका, जुन्या हातांच्या खुणा त्याखाली झाकून जातात.

नेम धरायचाच असेल तर मागं मातीचा बांध किंवा कडब्याच्या पेंढ्यांची उंच थप्पी हवी, समोर आणि बाजूला माणूस-जनावर नको. तीर उचलायला सगळ्यांनी मिळूनच जायचं. रानात जनावरावर तीर चालवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्या बाजूला अंबाबरवा अभयारण्य आहे, हे पोरांना घरीच सांगा.

बरेच भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांत तीर धरून ओढतात. एकलव्याच्या अंगठ्याची आठवण म्हणून तसं करतात असं म्हातारे सांगतात. ही पकड चित्रात येत नाही, मोबाईलच्या व्हिडिओतही नीट कळत नाही. ती ज्यांना येते अशी माणसं वाडीवर आता दोन-चारच उरलीत, आणि येत्या 4 डिसेंबरला ती घरीच असतात.