सर जॉन व्हेन : ॲस्पिरिनचे कोडे उलगडणारा शास्त्रज्ञ

ॲस्पिरिनची गोळी ठाऊक नाही असे घर विरळा. १८९९ साली ती बाजारात आली. ताप, डोकेदुखी, सांधेदुखी यांवर जगाने ती सत्तर वर्षे घेतली. पण ती शरीरात नेमके काय करते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते सांगितले जॉन व्हेन यांनी.

व्हेन यांचा जन्म २९ मार्च १९२७ रोजी इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यात झाला. बाराव्या वर्षी आईवडिलांनी त्यांना रसायनांची पेटी भेट दिली. स्वयंपाकघरात प्रयोग सुरू झाले आणि एका लहानशा स्फोटाने नुकत्याच रंगवलेल्या भिंती बरबटल्या. वडिलांनी प्रयोग बंद पाडले नाहीत. बागेत एक लाकडी खोली उभारून दिली. पुढे बर्मिंगहॅमला रसायनशास्त्र शिकताना मात्र त्यांचे मन रमेना. ऑक्सफर्डला औषधशास्त्र शिकण्याची संधी आली, तेव्हा हा विषय काय असतो हेही त्यांना माहीत नव्हते. त्यांनी आधी होकार दिला आणि मग ग्रंथालय गाठले!

१९७१ साली लंडनमध्ये त्यांनी दाखवून दिले, की ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती थांबवते. याच शोधातून रक्ताच्या गुठळीचाही उलगडा झाला. जखम झाली, की रक्तातील प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, तेथे जमतात आणि थ्रॉम्बॉक्सेन हे द्रव्य सोडून इतरांना बोलावतात. हृदयाच्या रोहिणीतील मेदाचा थर फुटला, तर तेथेही त्या असाच बांध घालतात आणि रक्त अडते. ॲस्पिरिन हे बोलावणे बंद पाडते. बिंबिकेला केंद्रक नसल्याने ती नवे विकर बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांच्या उरल्या आयुष्यात ती मुकीच राहते.

१९७६ साली व्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टासायक्लिन शोधले. रक्तवाहिनीचे अस्तर ते बनवते आणि बिंबिकांना आवरते. म्हणजे आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, एक जमेची बाजू आणि एक नावेची! अस्तराच्या पेशींना केंद्रक असते, त्यामुळे त्यांचे काम लवकर पूर्ववत होते. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमसारखी अल्प मात्रा पुरते.

हे सारे मी वाचले ते माझ्या काकांमुळे. ते सुरतेच्या कतारगामात हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम करतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांना स्टेंट बसवला आणि ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल दिले. हे दुसरे औषध बिंबिकांची एडीपी नावाची हाक अडवते. बरे वाटू लागताच, रक्त पातळ होऊन अशक्तपणा येईल या भीतीने काका दोन्ही गोळ्या सोडायला निघाले. मी त्यांना समजावले, की रक्त पातळ होत नाही, फक्त बिंबिका चिकटत नाहीत. धातूच्या जाळीवर अस्तर येण्याआधी गोळ्या सोडल्या, तर जाळीच तुंबू शकते. काकांना ते पटले.

गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातानंतरही ही औषधे देतात. मात्र मेंदूत रक्तस्राव झाला असेल, पोटात व्रण असेल किंवा डेंग्यूचा ताप असेल, तर ती घातक ठरू शकतात. निरोगी माणसानेही मनाने सुरू करू नयेत. घेणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

१९८२ साली व्हेन यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ साली ते 'सर' झाले. १९ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. अनोळखी विषयाला न घाबरता ग्रंथालयाची वाट धरणारा हा शास्त्रज्ञ आम्हा विद्यार्थ्यांना, मग शाखा कोणतीही असो, आपला वाटावा.