मोळीपासून महाद्वारापर्यंत

आमच्या नांदेडात नुसते 'गुरुजी' म्हटले की जुन्या मंडळींना नरहर कुरुंदकर आठवतात. पण साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना एकमुखाने गुरुजी म्हटले, ते पांडुरंग सदाशिव साने. त्यांचे 'श्यामची आई' ज्याच्या हातून गेले नाही असा विद्यार्थी आपल्यात विरळाच. तरीही या पुस्तकाचा विषय निघाला की आपल्यातलाच कोणीतरी हसून त्याला रडके पुस्तक ठरवतो. हा आक्षेप गुरुजींच्या आयुष्याशी ताडून पाहावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण भाऊबंदकी आणि कर्ज यांनी घर पोखरले, आणि एकेकाळचे हे सुखवस्तू कुटुंब दारिद्र्यात आले. आई यशोदाबाई शाळा न शिकलेली. झाडेमाडे, गायीगुरे, नदी आणि शेजारीपाजारी हीच तिची पुस्तके होती आणि त्यांतूनच तिने मुलाला धडे दिले. श्याम फुलांच्या हव्यासाने मुक्या कळ्या खुडून आणतो, तेव्हा त्या झाडावरच उमलू द्याव्यात हे ती त्याला शिकवते. आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या पोराला कोकणातली ती गर्द झाडी परकी वाटेल. पण उमलण्याआधी काही खुडू नये, हे कपाशीचे बोंड जपणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

ही आई नुसती मायाळू नव्हती. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नाही. रडके पुस्तक म्हणणारांनी हे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती मोळीची गोष्ट. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी वाटेत खाली पडते. तिच्याने ती उचलवत नाही आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी पुढे होत नाही. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळातील एका खेड्यातल्या ब्राह्मण स्त्रीची धाव तेथवर पोचली, हेही थोडे नव्हे. पण आंघोळ राहिलीच. आईने आणून सोडले तेथून पुढे मुलगा किती चालला, हेच मला गुरुजींचे खरे चरित्र वाटते.

दापोली, औंध आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. औंधला हाताने स्वयंपाक करावा लागे आणि कधी उपाशीही राहावे लागे. आपल्या वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या मुलांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. १९१७ साली आई गेली. शेवटच्या क्षणी मुलगा तिच्याजवळ नव्हता. पुढे तत्त्वज्ञान घेऊन ते एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुऊन, घडी घालून ठेवावेत, आणि हे कोणी केले याचा उच्चारही करू नये, अशी त्यांची रीत होती. मुले आपोआप ओशाळत आणि सुधारत. छात्रालयात ते हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. आपल्या या वार्षिकांकाचे ते पूर्वजच म्हणायचे.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगवास सुरू झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणूनच आज आपल्या हाती आहेत. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींचे हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी नांदेड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते, आणि या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून चालत होते. पुढे १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. श्याम घरोघर पोचला.

आता मोळीकडे परत येऊ. पंढरपूरच्या महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना त्या पायरीच्या आत प्रवेश नव्हता. शेकडो वर्षे वारी चालली, पण दार उघडले नाही. गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. ज्या गांधीजींना ते दैवत मानीत, त्यांनाही हे उपोषण पसंत नव्हते. त्यांनी ते सोडण्यास कळविले. गुरुजी ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. मोळी उचलून आंघोळ करणारा श्याम आता साऱ्या समाजाला सांगत होता, की विटाळ धुवायचा तो मनाचा. ज्याच्या डोळ्यांत चटकन पाणी येई, तोच माणूस दहा दिवस अन्नावाचून राहिला. मला तर ही दोन्ही एकाच मुळाची फळे वाटतात.

स्वातंत्र्यानंतरचे दिवस त्यांना सुखाचे गेले नाहीत. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून आंतरभारतीचे स्वप्न मांडले. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. मुलांना उमलायला शिकविणारा माणूस स्वतः असा का गेला, हा प्रश्न मला फार छळतो. इतरांचे सारे दुःख ज्याने आपले मानले, त्याचे दुःख वाटून घ्यायला आपण कमी पडलो, एवढेच म्हणवते. आपल्या शेजारचा मित्र हसता हसता अबोल झाला तर त्याच्याजवळ जाऊन बसावे, हा धडा मी त्यातून घेतला आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू खेड्यातला. आमच्या गावाहून दरवर्षी आषाढीला दिंडी निघते. वाटेत सारे एकमेकांच्या पाया पडतात, एकाच तांब्यातून पाणी पितात आणि एकाच विठोबाच्या पायांवर डोके ठेवतात. तीच माणसे गावी परतल्यावर निरनिराळ्या पंगतीला बसलेली मी पाहिली आहेत. देवळाचे दार १९४७ साली उघडले. पंगतीचे दार अजून अर्धेच उघडे आहे.

तरी मन निराश होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी, गुरुजींना आपला मानणाऱ्या राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला 'आपलं घर' उभारले. पालगडच्या आईची ओल आपल्या कोरड्या मुलखापर्यंत पोचली आहे.

तेव्हा मित्रहो, 'श्यामची आई' लहानपणी वाचून झाले म्हणून फळीवर ठेवू नका. आता मोठे झाल्यावर ते पुन्हा वाचा आणि मोळीच्या गोष्टीपाशी थोडे थांबा. आपल्या आईवडिलांनी आपल्याला कुठवर आणून सोडले आहे ते नीट पाहा. पुढची वाट आपल्याला चालायची आहे.