शेतकऱ्यांचे कैवारी भाऊसाहेब
आपल्या केळापूर तालुक्याची काळी जमीन कापसाची. भाव पडला की सावकाराकडे जाणारी. कर्जाची ही झळ डॉ. पंजाबराव देशमुखांनी घरीच अनुभवली. १८९८ साली पापळ येथे जन्मलेल्या भाऊसाहेबांना शेतकरी वडिलांनी कर्ज काढून विलायतेस धाडले. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, तेव्हा जागतिक मंदीने कापूस कवडीमोल झाला होता. सारा-व्याजासाठी शेत विकावे, तर जमिनीलाही भाव नव्हता. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याने तडजोडीने कर्ज कमी करून हप्ते बांधून देण्याची सोय झाली. त्यामागे भाऊसाहेबांची धडपड होती. १९६५ साली ते निवर्तले. ज्यांची वडिलोपार्जित शेते त्या मंदीत वाचली, त्यांनी तरी हे ऋण विसरू नये.