मित्राच्या इस्टेटीसाठी तेवीस वर्षे

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात राजद्रोहाचे खटले ठळक अक्षरांत येतात; ताईमहाराज प्रकरण मात्र वाचक बहुधा चाळून पुढे जातो. दत्तकाची आणि वाड्या-जमिनींची ही भांडणे कंटाळवाणी असतात, हे खरे. परंतु टिळकांच्या आयुष्याची जितकी वर्षे या दाव्याने खाल्ली, तितकी कोणत्याही तुरुंगाने खाल्ली नाहीत.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये टिळक राजद्रोहाच्या आरोपातून नुकतेच जामिनावर सुटले होते. त्याच आठवड्यात पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज पटकीने मरणासन्न झाले. त्यांनी मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदी मंडळींच्या हाती इस्टेट सोपविली. पत्नी ताईमहाराज पंधरा-सोळा वर्षांच्या व गरोदर होत्या. पुत्र न झाल्यास किंवा तो न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. पुत्र झाला, पण दोनेक महिन्यांतच वारला. पुढचा सारा कलह त्या तरतुदीतून निघाला.

जून १९०१ मध्ये औरंगाबादेस पंडित घराण्याच्याच एका शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन पालटले; नागपूरकर त्यांच्या बाजूस गेले आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरास बाळामहाराज दत्तक घेतले गेले. छत्रपती शाहूंचा कल याच पक्षाकडे होता. वेदोक्ताच्या वादाचे ते दिवस, तेव्हा दत्तकाचा प्रश्न निव्वळ घरगुती राहणे शक्यच नव्हते. टिळकांचे चरित्रकार ताईमहाराजांना बहुधा इतरांच्या हातचे बाहुले ठरवितात. तथापि ज्या विधवेच्या मांडीवर मूल द्यायचे, तिच्या इच्छेला प्रौढ, कायदेपंडित विश्वस्तांपुढे कितीसा वाव होता, हा प्रश्न टिळकांच्या अभिमान्यांनीही टाळू नये.

मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करावे, असा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे गेला. अ‍ॅस्टनसाहेबांनी एप्रिल १९०२ मध्ये ते रद्द तर केलेच, शिवाय औरंगाबादचे दत्तविधान झालेच नाही असे मानून टिळकांवर खोट्या साक्षीचा व बनावट पुराव्याचा खटला चालविण्याचा हुकूम दिला. एका इस्टेटीचा वाद अशा रीतीने एका माणसाच्या सचोटीवर येऊन ठेपला. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सरन्यायाधीश जेंकिन्स व न्यायमूर्ती बॅटी यांनी टिळकांना निर्दोष सोडले. याच काळात, १९०३ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरचा त्यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ताईमहाराजांचा मृत्यूही त्याच वर्षीचा.

अब्रू वाचली, पण इस्टेट कोणाची हे ठरलेच नव्हते. टिळकांना तिच्यातला एक पैसाही मिळावयाचा नव्हता. तेथे थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी दिवाणी दावा लढविला. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथाचे दत्तक वैध ठरविले. १९१० मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरविला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मार्च १९१५ मध्ये लॉर्ड शॉ यांनी निकाल दिला: औरंगाबादचे दत्तक खरे. प्रतिष्ठित गृहस्थांनी मिळून कट रचला व खोट्या शपथा घेतल्या, असे सबळ पुराव्यावाचून धरून चालणे त्यांना मान्य झाले नाही.

निकाल झाला म्हणून ताबा मिळतोच असे नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको. इस्टेटीचा काही भाग कोल्हापूर संस्थानात होता आणि तेथे ब्रिटिश कोर्टाची डिक्री आपोआप लागू होत नव्हती. कज्जे पुढेही चालूच राहिले. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईस गेले तेही या प्रकरणाच्याच कामासाठी. तेथे सरदारगृहात ते आजारी पडले आणि १ ऑगस्टच्या पहाटे वारले.