मेजर रॉबर्ट गिल आणि अजिंठ्याचा अंधार

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा गावी पारो नावाच्या स्त्रीची कबर आहे. ती १८५६ साली वारली. ही कबर मेजर रॉबर्ट गिल यांनी बांधविली. त्या उभयतांच्या प्रीतीची कथा लोकांस मुखोद्गत असते. साहेबांनी आयुष्यभर जे काम केले ते मात्र मागे पडते. आम्ही येथे त्या कामाविषयीच लिहीत आहो.

गिलसाहेबांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. मद्रासच्या फौजेत असता, १८४४ साली, अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास त्यांस नेमण्यात आले. गावच्या बारादरीत बिऱ्हाड आणि वाघोरा नदीच्या खोऱ्यात काम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. लेण्यात अंधार फार. प्रकाश सरळ रेषेत चालतो, म्हणून दारातून आलेले ऊन बाजूच्या भिंतींवर पडत नाही. आरसा किंवा पांढरे वस्त्र उन्हात धरून ते परतवावे, तेव्हा कोठे भिंत उजळते.

पुढे साहेबांनी प्रकाशचित्रे काढण्याची विद्याही हस्तगत केली. मग कुंचल्याचे कष्ट कशाला, असे वाचक विचारतील. ह्याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. तळ्यात खडा टाकिला असता लाटा उठतात, तसाच प्रकाशही लाटांनी चालतो. पण त्या अतिसूक्ष्म. तांबड्या प्रकाशाच्या दोन लाटांच्या माथ्यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी सुमारे सात भाग, तर जांभळ्याचे सुमारे चार भाग असते. लाट जितकी आखूड तितका तिचा मारा जबर. त्या काळच्या काचेवरील रसायनावर निळ्याजांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. तांबड्याचा जवळजवळ होत नसे. अजिंठ्याच्या रंगांत गेरू व पिवळी माती पुष्कळ. अशा काचेवर गेरू काळा दिसे आणि मोलाचा निळा रंग पांढुरका. फोटोवाल्याच्या अंधारकोठडीत तांबडा दिवा लावीत, त्याचे कारणही हेच.

म्हणून खांब, मूर्ती व इमारती यंत्राने टिपावयाच्या आणि रंग हाताने उतरवावयाचे, असे ठरले. त्यांची प्रकाशचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या दोन ग्रंथांत निघाली. कित्येक चित्रे जोडीची होती. दोन डोळ्यांनी दोन बाजूंनी पाहावे तशी घेतलेली. ती विशिष्ट भिंगांतून पाहिली म्हणजे लेण्याची खोली प्रत्यक्ष भासते.

मोठाल्या रंगीत नकला लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ सालच्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि थोड्या वगळता सर्व नकला जळाल्या. सुमारे वीस वर्षांचे श्रम! त्या वेळी साहेबांचे वय ६२ होते. दुसऱ्याने कुंचला खाली ठेविला असता तर आम्ही त्यास दोष दिला नसता. साहेबांनी पुन्हा तेच काम हाती घेतले.

ते पुरे झाले नाही. १८७९ साली ते वारले. त्यांस भुसावळ येथे पुरले आहे. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास नकला करीत होते. त्यांतील पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या.